बत्तीस वर्षे अबोला धरलेले आयरिश सासर आणि शेवटच्या दुखण्यातले मामेसासरे

अटलांटिककाठ (४ ऑक्टोबर २०२३)

मी मूळची सातारची. गेली १६ वर्षे आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर परगण्यात राहते आणि माझे सासर पूर्णपणे आयरिश आहे. येथे मराठीत बोलायला माझ्याजवळ कोणी नाही, आणि हा विषय घरातल्या माणसांशी इंग्रजीत काढण्याचे धैर्य मला होत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे लिहीत नाही आणि काही तपशीलही बदलले आहेत.

माझ्या सासूबाईंना दोन भाऊ. थोरले मामेसासरे ७९ वर्षांचे असून मिलटाउन मालबेजवळ समुद्राकाठची घरची शेती आणि गाई ते अजून स्वतः सांभाळतात. धाकटे मामेसासरे ७३ वर्षांचे असून १९७४ पासून लंडनमध्ये होते. जूनमध्ये त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, तेव्हा तो यकृतापर्यंत पोहोचलेला होता. उपचाराने आयुष्य फारसे वाढणार नाही हे कळल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे क्लेअरला परत जाण्याची. विमानात बसण्याची ताकद उरली नव्हती, म्हणून मोटारीत गाद्या घालून, होलीहेडहून डब्लिनला येणाऱ्या बोटीने त्यांना आणले. ज्या पाण्यावरून ते २४ व्या वर्षी गेले, त्याच पाण्यावरून ते परत आले.

आता ते एनिसमध्ये सासूबाईंच्या घरी आहेत. आयरिश घरांत दर्शनी भागात एक चांगली खोली राखून ठेवलेली असते, जी पाद्रीबाबा आले किंवा नाताळ आला तरच उघडली जाते. सासूबाईंनी त्या खोलीतील काचेचे कपाट हलवून तिथे रुग्णालयाची खाट लावली आहे. लिमरिकच्या हॉस्पिसचे, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेचे, पथक घरी येते, सिरिंज पंपातून वेदनाशामक सुरू आहे, आणि गरज पडेल तेव्हा रात्रपाळीला परिचारिकाही मिळते. सेवेत कोणतीही उणीव नाही. उणीव आहे ती थोरल्या भावाची, कारण फक्त ३० किलोमीटरवर राहूनही ते आलेले नाहीत.

हा अबोला कोठून आला ते सांगायला हवे. धाकटे मामेसासरे समलिंगी आहेत. १९७४ मध्ये एक पत्र वडिलांच्या हाती लागले आणि त्यांना घर सोडावे लागले. तेव्हा आयर्लंडमध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे इंग्रजांच्या काळातले १८६१ आणि १८८५ चे कायदे जसेच्या तसे लागू होते. इंग्लंडने स्वतःचा कायदा १९६७ मध्येच बदलला होता, पण आयर्लंडमध्ये तो १९९३ पर्यंत टिकला. म्हणजे ज्या देशाने हा कायदा लादला त्याच देशात जाऊन आमच्या मामेसासऱ्यांना कायद्याच्या भीतीशिवाय राहता आले. आई मात्र दर महिन्याला पोस्टात जाऊन त्यांना चोरून पत्र टाकत असे.

१९९१ च्या फेब्रुवारीत आई वारली. आयर्लंडमध्ये मृत्यूनंतर बहुधा तिसऱ्याच दिवशी दफन होते, त्यामुळे ज्याला त्याच दिवशी फोन जात नाही त्याचे अंत्यदर्शन हुकते. थोरल्या भावाने सगळ्या नातेवाइकांना कळवले, फक्त यांना कळवले नाही. दोन आठवड्यांनी पत्र पोहोचले. तेव्हापासून दोघा भावांत एकही शब्द झालेला नाही, आणि आता ३३ वे वर्ष सुरू आहे.

परवा रात्री खाटेशी जागताना सासूबाईंनी मला जे सांगितले ते त्यांनी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितले नव्हते. थोरल्याने लंडनला कळवलेले नाही हे त्यांना त्याच दिवशी माहीत होते. त्यांच्याकडे नंबर होता, त्यांनी फोन उचललाही होता, आणि मग दफनाला आलेले शेजारी काय बोलतील या विचाराने तो खाली ठेवला. पुढे २४ वर्षे त्यांनी भावाला नाताळची कार्डे पाठवली, पण आवाज ऐकला नाही. २२ मे २०१५ रोजी समलिंगी विवाहासाठी सार्वमत झाले, त्यात त्यांनी होकाराचे मत टाकले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ६२ टक्के होकाराचा निकाल स्पष्ट होताच लंडनला फोन लावला. "काय बोललात?" असे मी विचारले. "पाऊस पडतोय का तिकडे, असे विचारले," त्या म्हणाल्या.

माझा प्रश्न असा आहे की थोरल्या मामेसासऱ्यांना मी फोन करावा का? नवरा म्हणतो की हे आपले काम नव्हे. सातारला असे घडले असते तर आत्याने किंवा काकूने कधीच कोणाच्या तरी घरी जाऊन बैठक मारली असती. येथे मध्ये पडणाऱ्या माणसाची रीतच नाही. मौन पाळणे हाच येथे भांडणाचा प्रकार आहे आणि सभ्यतेचाही.

शांतिपाठ (५ ऑक्टोबर २०२३)

मी मुंबईत २२ वर्षे परिहारक उपचारांत, म्हणजे बरे होणार नाहीत अशा रुग्णांच्या वेदनाशमनाच्या क्षेत्रात काम केले आहे. आपल्या घरी जी सेवा येते आहे तिच्या मुळाशी आयरिश जोगिणीच (नन) आहेत, हे आपल्याला ठाऊक असेल. मेरी एकनहेड यांनी १८१५ मध्ये स्थापन केलेल्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी या संघाने १८७९ मध्ये डब्लिनच्या हॅरल्ड्स क्रॉसमध्ये मरणासन्नांसाठी घर उघडले आणि १९०५ मध्ये लंडनच्या हॅकनीमध्ये सेंट जोसेफ्स हे दुसरे उघडले. त्या हॅकनीच्या घरात ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी मॉर्फिन दुखू लागल्यावर नव्हे, तर दुखण्याआधी ठरावीक वेळाने देण्याची पद्धत पक्की केली, आणि १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हे हॉस्पिस सुरू केले. आपल्याकडे १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झालेले शांती आवेदना सदन याच विचारधारेतले आहे.

साँडर्सबाईंनी 'संपूर्ण वेदना' अशी संकल्पना मांडली होती. शरीराचे दुखणे, मनाचे, नात्यांचे आणि श्रद्धेचे दुखणे ही एकाच वेदनेची अंगे आहेत, असे त्या म्हणत. औषध योग्य मात्रेत असूनही रात्री तळमळणारा रुग्ण मी अनेकदा पाहिला आहे, आणि विचारपूस केल्यावर कोणाचे तरी नाव पुढे आलेले आहे.

मात्र एक विनंती आहे. थोरल्यांना फोन करण्याआधी रुग्णाला विचारा. भेट हवी आहे का, कोणत्या अटीवर हवी आहे, किती वेळ हवी आहे, हे त्यांनीच ठरवायचे आहे. अचानक माणूस समोर उभा करू नका. बहुतेक रुग्ण दुपारपूर्वी अधिक सावध असतात. येणाऱ्या माणसाच्या हाताला काहीतरी काम द्या, कारण खाटेशेजारी नुसते बसणे पुरुषांना फार जड जाते. आणि उशीर करू नका. स्वादुपिंडाच्या कर्करोगात शेवटी झोप वाढत जाते, आणि बोलता येण्याचा काळ जगण्याच्या काळापेक्षा आधी संपतो.

आंबोली (५ ऑक्टोबर २०२३)

आपले लिखाण मनापासून आहे, म्हणूनच थोडे कठोर लिहितो. माझ्या कुटुंबातही असा अबोला आहे आणि ज्याला बाहेर काढले गेले तो मी आहे. मरणाच्या खाटेशी सगळ्यांना एकत्र आणण्याची धडपड बहुधा निरोगी माणसांच्या सोयीसाठी असते. थोरल्यांना हलके वाटावे म्हणून आजारी माणसाने क्षमा करायची, आणि तीही अंगात त्राण नसताना, हा न्याय कोणता? त्यांना भाऊ नको असेल तर ती इच्छाही तेवढ्याच आदराने पाळली पाहिजे.

दुसरे असे की, आपण एवढे सविस्तर लिहिले, पण त्यांना लंडनहून मोटारीत कोणी आणले ते लिहिले नाही. बोटीवर त्यांच्याबरोबर कोण होते? ४९ वर्षे माणूस एकटा राहिला का?

अटलांटिककाठ (६ ऑक्टोबर २०२३)

आंबोली, आपला प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आपण म्हणता ते खरे आहे. मी त्यांना वगळले, आणि ते जाणूनबुजून नव्हते, हे तर अधिकच वाईट आहे.

त्यांना त्यांच्या पतीने आणले. ते इंग्रज आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, आणि दोघे १९८७ पासून एकत्र राहतात. ज्या वर्षांत लंडनमध्ये त्यांचे मित्र एड्सने एकामागून एक जात होते त्या वर्षांत हे दोघे रुग्णालयांत इतरांच्या खाटांशी बसत, कारण त्यांतल्या अनेकांच्या घरून कोणी येत नसे. २००६ मध्ये त्यांनी सहजीवनाची कायदेशीर नोंदणी केली आणि पुढे तिचे विवाहात रूपांतर केले. जूनपासून औषधांची वही तेच ठेवतात, तोंड ओल्या कापसाने तेच पुसतात, आणि रात्री आरामखुर्चीत तेच झोपतात.

सासूबाई त्यांच्याशी अत्यंत प्रेमाने वागतात. परंतु शेजारी चहाला आले की त्यांची ओळख 'लंडनचा मित्र' अशी करून देतात. तो शब्द मला इतका सवयीचा झाला होता की येथे मराठीत लिहितानाही ते माझ्या हातून कुटुंबाबाहेरच राहिले. मामेसासऱ्यांच्या पतीला काय म्हणावे यासाठी आपल्या नात्यांच्या एवढ्या मोठ्या भांडारातही शब्द नाही, पण ते काही कारण होत नाही.

आज सकाळी मी दोघांनाही विचारले. धाकटे मामेसासरे बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "त्याला सांग की मी इथे आहे. ये असे म्हणू नकोस." त्यांचे पती म्हणाले, "तो आला तर मी बाहेर जाणार नाही."

विधिज्ञ (७ ऑक्टोबर २०२३)

कायद्याच्या अंगाने दोनच गोष्टी नोंदवतो. आयर्लंडमध्ये 'जवळचा नातेवाईक' असल्यामुळे कोणालाही दुसऱ्या प्रौढाच्या उपचारांचा निर्णय घेण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. २०१५ चा निर्णयसाहाय्य कायदा एप्रिल २०२३ पासून अमलात आला आहे आणि त्यात केंद्रस्थानी रुग्णाची स्वतःची इच्छा आहे. म्हणून पुढे काय नको आणि काय हवे हे मामेसासरे सावध असतानाच पथकाकडून लिहून घ्यावे. दुसरे, विवाह तेथे मान्य असल्याने पतीचे स्थान कायद्याने निर्विवाद आहे. घरात ते कसे मानले जाते हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे.

मालवणचा (७ ऑक्टोबर २०२३)

लिओ वराडकर यांचे वडील आमच्या मालवण तालुक्यातील वराडचे, त्यामुळे त्या देशाच्या बातम्या आम्ही आपुलकीने वाचतो. जानेवारी २०१५ मध्ये आरोग्यमंत्री असताना त्यांनी रेडिओवर आपण समलिंगी असल्याचे सांगितले, आणि जून २०१८ मध्ये पंतप्रधान म्हणून जुन्या कायद्याखाली दोषी ठरवल्या गेलेल्या माणसांची संसदेत माफी मागितली. डिसेंबर २०१९ मध्ये ते वराडला आई-वडिलांसह आले, तेव्हा गावाने केलेला सत्कार मी पाहिला आहे. सरकारला माफी मागता येते, मग भावाला का येऊ नये, असे मला वाटते. ताई, तुम्ही फोन कराच.

अटलांटिककाठ (२१ ऑक्टोबर २०२३)

७ तारखेला संध्याकाळी मी फोन केला. सांगितले होते तेवढेच बोलले. पलीकडे इतकी शांतता होती की फोन तुटला असे मला वाटले. मग ते म्हणाले, "गाई आत घ्यायच्या दिवसांत वेळ नसतो," आणि त्यांनी फोन ठेवला. घरात मी हे फक्त धाकट्या मामेसासऱ्यांच्या पतीला सांगितले. ते म्हणाले की हे नकारासारखे वाटत नाही.

१९ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास त्यांची मोटार दारात आली. त्यांच्या खांद्यावर टर्फची गोणी होती. टर्फ म्हणजे पाणथळ माळावरून फावड्याने कापून, उन्हाळाभर वाळवलेले मातीचे सरपण. घराघराची त्याची ठरलेली जागा असते, आणि हे दोघे भाऊ लहानपणी जिथून कापत त्याच माळावरचे हे टर्फ होते. ते कोणाकडेही न पाहता खोलीत शिरले, गुडघे दुखत असतानाही चुलाण्यापुढे बसले, आणि खाटेकडे पाठ करून विस्तव रचू लागले. खोलीत धुराचा तो गोडसर, करपट वास पसरला तेव्हा धाकट्या मामेसासऱ्यांनी डोळे मिटले. लंडनमध्ये त्यांनी हा वास कितीदा आठवून सांगितला होता, हे त्यांच्या पतीने मला नंतर सांगितले.

विस्तव धरल्यावर पाठमोऱ्यानेच थोरल्यांनी पहिले वाक्य उच्चारले. "पंचाण्णव साली कुठे होतास?"

ज्यांना आयर्लंड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हर्लिंग हा काठी आणि चेंडूचा येथला प्राचीन खेळ, आणि क्लेअरने त्याचे राष्ट्रीय विजेतेपद १९१४ नंतर थेट १९९५ मध्ये जिंकले. त्या ८१ वर्षांत क्लेअरमधल्या कितीतरी पिढ्या वाट पाहत मातीआड गेल्या, आणि या भावांचे वडील त्यांतलेच एक. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावरच्या त्या अंतिम सामन्याच्या दिवशी कोण कुठे होते हे या परगण्यात प्रत्येकाला सांगता येते.

"किलबर्नच्या पबमध्ये," धाकटे म्हणाले. "तू?"

"क्रोक पार्कवर. हिल सिक्स्टीनवर."

मग २० मिनिटे दोघे फक्त त्या सामन्याबद्दल बोलले. टाफेचा शेवटच्या मिनिटांतला गोल, प्रतिस्पर्धी ऑफलीची धास्ती, कप्तान डेलीचे भाषण. मी चहा घेऊन दारात उभी होते आणि आत जावे की नाही हे मला कळत नव्हते. थोरल्यांनी चहा घेतला, आणि कपात पाहतच म्हणाले, "आईचं पत्र तुला उशिरा गेलं."

"उशिरा आलं," धाकटे म्हणाले.

"मला माहीत आहे."

याहून अधिक काहीही बोलणे झाले नाही. आंबोली, क्षमा मागितली गेली नाही आणि दिलीही गेली नाही, हे मी आपल्याला प्रामाणिकपणे सांगते. पती पूर्ण वेळ आपल्या आरामखुर्चीतच बसून होते. निघताना थोरले त्यांच्यासमोर थांबले आणि त्यांनी त्यांचे पूर्ण नाव विचारले. त्यांनी सांगितले. थोरल्यांनी मान हलवली आणि ते गेले. त्यानंतर ते रोज येत आहेत, टर्फ घेऊन, अकरा वाजता.

आंबोली (२२ ऑक्टोबर २०२३)

प्रामाणिकपणे लिहिल्याबद्दल आभार. माझे मत बदललेले नाही. पण त्यांनी नाव विचारले, ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले.

अटलांटिककाठ (१८ नोव्हेंबर २०२३)

धाकटे मामेसासरे ६ तारखेला पहाटे गेले. त्यांचे पती आणि सासूबाई जवळ होते. शेवटचे चार दिवस ते बोलत नव्हते, पण विधिज्ञ यांनी सुचवल्याप्रमाणे काय हवे आणि काय नको हे आधीच लिहून घेतलेले असल्याने कोणावरही काही ठरवण्याची वेळ आली नाही.

सकाळी अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे गृहस्थ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. येथे मृत्यूची सूचना सर्वप्रथम आरआयपी डॉट आयई या संकेतस्थळावर जाते, आणि स्थानिक रेडिओवर वाचली जाते. सारा परगणा ती वाचतो. त्यात कोणाचे नाव, कोणत्या नात्याने, कोणत्या क्रमाने येते हे कुटुंबांत फार तोलून पाहिले जाते, आणि त्यावरून पिढ्यान्पिढ्यांची वैरे झालेली मी ऐकली आहेत. त्यांनी वही उघडून विचारले, "पहिले नाव कोणाचे लिहू?"

सासूबाईंनी मामेसासऱ्यांच्या पतीचे नाव सांगितले. त्या गृहस्थांनी अदबीने पुढे विचारले, "आणि नाते?" मला त्या क्षणी १९९१ मधला तो उचलून ठेवलेला फोन आठवला. सासूबाई म्हणाल्या, "नवरा. प्रिय नवरा असे लिहा." त्यांचा आवाज स्थिर होता, पण हात टेबलाखाली होता आणि मी तो धरला तेव्हा तो थरथरत होता.

सगळ्यांनी न पाहिल्यासारखे करून थोरल्यांकडे पाहिले. ते खिडकीशी उभे होते. लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून त्यांनी वहीत डोकावले आणि म्हणाले, "त्या आडनावाच्या शेवटी दोन 'टी' आहेत."

पार्थिव घरीच, त्याच खोलीत ठेवले. रीतीप्रमाणे आरशावर चादर टाकली, खिडकी उघडली, आणि रात्रभर कोणी ना कोणी जागे राहिले. दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत लोक येत होते. त्यात अनेक जण असे होते, ज्यांनी त्यांना १९७४ नंतर पाहिलेच नव्हते. शवपेटीशेजारी कुटुंबीय ओळीने उभे राहतात आणि येणारा प्रत्येक माणूस हात हातात घेऊन "तुमच्या दुःखात सहभागी आहे" एवढेच म्हणतो. ओळीत पेटीला लागून पती उभे होते, मग थोरले, मग सासूबाई. कोणी अनोळखी माणूस गोंधळून पुढे सरकू लागला की थोरले त्याच्या कोपराला धरून मागे आणत आणि म्हणत, "आधी यांना भेट."

शेजाऱ्यांनी कबर खणली. ती आईच्या शेजारी आहे.

महिना पूर्ण झाल्यावर येथे मृताच्या नावे मिस्सा अर्पण करतात. तोवर मामेसासऱ्यांचे पती आमच्याकडेच राहणार आहेत. काल ते सासूबाईंबरोबर मिलटाउनच्या घरी गेले होते, आणि येताना त्यांनी लोकरीच्या दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा आणला. आईने पोस्टातून पाठवलेल्या पत्रांना लंडनहून गेलेली ती उत्तरे होती. आईने ती जपून ठेवली होती, आणि आई गेल्यानंतर थोरल्यांनी.